हजार फुटाला एक पौंड

बैल एका घावात पाडायचा तर हातोडा दोन डोळ्यांच्या मधोमध बसून भागत नाही, बोटभर वर बसावा लागतो. खाली बसला तर बैल आंधळा होऊन उधळतो, आणि लोखंडी कठड्यात माणूस सापडला तर त्याच्या बरगड्यांचा भुगा होतो. वेंडेल क्रूसचा हातोडा एकोणीस वर्षं त्या बोटभर वरच्या जागी बसला. नदीकाठच्या कत्तलखान्यात दिवसाला दोन-अडीचशे घाव. आयोवाच्या आमच्या बाजूला त्याच्या तोडीचा पाडणारा नव्हता, हे त्याचे दुश्मनसुद्धा कबूल करायचे, आणि दुश्मन त्याला भरपूर होते.

मग बैल पाडायला बंदुका आल्या. वेंडेलला वजनाच्या खोलीत बसवलं, काट्यावर. हातोडा सुटला, पण हात सुटला नाही. आधी तो बैलांवर खर्ची पडायचा, आता माणसांवर पडायला लागला. गुत्त्यात एकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. गिरणीसमोर एकाला गाडीच्या खिडकीतून बाहेर ओढलं, खिडकीची काच बंद होती तरी. त्याला राग यायचा म्हणावं तर तसंही नाही. चेहरा थंडच असायचा. कुणी त्याला खोटं पाडलं, त्यातही आकड्यात खोटं पाडलं, की हात आपोआप जायचा.

त्याचं कारण त्याच्या पाठीवर होतं. त्याचा बाप जर्मन हाडाचा शेतकरी. एकरी मक्याचे दाणे किती, ओळीत अंतर किती, हे पोराला तोंडी विचारायचा. चुकलं की घोड्याच्या साजाचा पट्टा. एकदा पट्ट्याची कडी डाव्या कानाला लागली आणि पाळीचा तुकडा गोठ्यात पडला, तो कोंबडीने नेला. वेंडेल हे हसत सांगायचा. "पर त्येच्यानंतर म्या गनितात चुकलो न्हाई," म्हणायचा.

तर असा हा माणूस, आणि जीव त्याचा गवतावर. घराभोवतालची हिरवळ अशी की माशी बसली तरी दिसावी. बाप जिता असता तर म्हणाला असता, जे गवत गाय खात नाही त्याला खत घालणारा गाढव. पण बाप मेला होता आणि गवत वेंडेलचं होतं. कत्तलखान्यातला एक जुना काटा त्याने घरी आणून गॅरेजात टांगला होता. खत त्यावर तोलल्याशिवाय जमिनीला लागत नसे.

शेजारी आर्लो टेगन. रेल्वेच्या फाटकावरचा माणूस, हडकुळा, कमी बोलणारा. आर्लोने एका वर्षी सगळ्या प्लॉटच्या मापाने खत टाकलं आणि निम्मं गवत जाळलं. तेव्हा वेंडेल कुंपणावर कोपर टेकून उभा राहिला.

"प्लॉट केवढा तुजा?"

"साठ बाय एकशे बत्तीस. तुजाबी तेवढाच की."

"सात हजार नऊशे वीस फूट. आन घर कुटं गेलं त्यातलं?"

"घर... घर हाय की हितंच."

"मग घराला खत घातलंस व्हय रं? वाढतंय का छप्पर? कवा कापनार?"

आर्लो हसला. वेंडेल हसला नाही. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि कुंपणाच्या फळीवरच लिहायला घेतलं. घर एक हजार आठ फूट, वजा. गॅरेज तीनशे आठ, वजा. गाडीची वाट पाचशे चाळीस, भाजीचा वाफा सहाशे, दारापुढची फरशी चौसष्ट, सगळं वजा.

"ऱ्हायलं किती?"

आर्लो बोटांवर मोजत बसला.

"पाच हजार चारशे," वेंडेल म्हणाला. "ह्ये माज्या जागेचं हाय. तुजं तू मोज. आता हजार फुटाला एक पौंड नत्र. पाच हजार चारशेला?"

"साडेपाच."

"साडेपाच न्हाई. पाच पॉइंट चार. साडेपाच म्हनलं की माजा बाप पट्टा काडायचा. पोत्यावर आकडा काय हाय?"

"सत्तावीस."

"म्हंजी शंभर पौंड खतात सत्तावीस पौंड नत्र. बाकी स्फुरद, पालाश आन माती. मग पाच पॉइंट चार पौंड नत्र हवं तर खत किती?"

आर्लोने बराच वेळ घेतला. "वीस," म्हणाला.

"वीस. एकवीस न्हाई, एकोनीस न्हाई. दहा पौंड गाडीत भरायचं आन उभं चालायचं. मग दुसरं दहा भरायचं आन आडवं चालायचं. हात राखून. भिंतीला रंग देतुयास तसं एकसारखं चाल, मयताला चालल्यासारखा न्हाई."

खताची गाडी म्हणजे दोन चाकांवरची पेटी, ढकलत न्यायची, खालून दाणे सांडत जातात. आर्लोने ती फळी पुढं कधी रंगवली नाही. गणित तसंच राहिलं, आणि दोन्ही हिरवळी चार वर्षं एकसारख्या वाढल्या.

*

त्या वर्षी एप्रिलमध्ये गुत्त्यात एक ट्रकवाला आला. सिऊक्स गावाकडचा. बिअर पिता पिता म्हणाला, ह्या कत्तलखान्याचा काटा खोटं बोलतो, माझी जनावरं दर खेपेला हलकी भरतात. वेंडेल तिसऱ्या स्टुलावर होता.

"काट्यावर म्या बसतु," तो म्हणाला.

"मग तूच खोटं बोलतोस," ट्रकवाला म्हणाला.

वेंडेलने ग्लास नीट खाली ठेवला, मग ट्रकवाल्याचं नाक फोडलं. माणूस पडायला लागला तर पडू दिला नाही. केस धरले आणि तोंड ग्लास ठेवायच्या लाकडी फळीच्या कडेवर आपटलं, तीनदा. चार दात फळीवर राहिले, पाचवा त्याच्या शर्टाच्या खिशात निघाला. चौघांनी मिळून वेंडेलला ओढलं. त्या चौघांत आर्लो होता.

म्हणून कोर्टात आर्लोला उभं केलं. हात वर करून शपथ घातली. सरकारी वकिलाने विचारलं, पहिला हात कुणाचा? आर्लोने वेंडेलकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

"वेंडेलचा," म्हणाला.

न्यायाधीश म्हातारा होता आणि त्याला वेंडेलचा कंटाळा आला होता. "दहा दिवस काउंटीच्या कोठडीत," तो म्हणाला. "आणि दोन वर्षांची सजा मी लिहून ठेवतोय, ती लटकती राहील. तीन वर्षांत या काउंटीत कुणाच्याही अंगावर तुमचा हात पडला, तर ती लागू होईल. नवा खटला नाही, वकील नाही, काही नाही. समजलं?"

"समजलं."

कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याची बायको बर्निस उभी होती. बत्तीस वर्षांचा संसार. बाईच्या अंगाला त्याने कधी बोट लावलं नव्हतं, पण बत्तीस वर्षं तिने दुसऱ्यांचं रक्त त्याच्या शर्टांवरून धुतलं होतं. गार पाण्यात, मीठ लावून.

"न्यायाधीशानं दोन वरसं टांगलीत," ती म्हणाली. "म्या काय टांगत न्हाई. आता एक हात जरी कुनावर उचललास, त्या दिवशी म्या जाते. आन परत येनार न्हाई."

"बर्निस..."

"मला ऐकायचं न्हाई. तू फकस्त ध्यानात ठेव."

त्याने ठेवलं. कोठडीत गेला आणि बर्निस ते दहा दिवस बहिणीकडे नेब्रास्काला गेली. घर बंद.

आता आमच्या गल्लीची रीत सांगायला हवी. कुणाच्या घरी मयत झालं, कुणी दवाखान्यात पडलं, कुणी आत गेलं, की शेजारी त्याचं गवत कापून जातो. सांगत नाही. ज्याचं कापलं तो विचारत नाही. सांगितलं तर उपकार झाला, आणि उपकार कुणाला नको असतो. मे महिन्याच्या शेवटी थडग्यांवर फुलं वाहायच्या सोमवारच्या आधीचा शनिवार हा वेंडेलचा खताचा दिवस. त्या शनिवारी आर्लोने आधी त्याचं गवत कापलं. मग स्वतःच्या घरी जाऊन आपलं पोतं आणि गाडी घेऊन आला. दहा पौंड उभं चालला, दहा पौंड आडवं चालला. अगदी हळू, हात राखून. मी आणि माझी बायको समोरच्या ओसरीवर मटार सोलत होतो, आम्ही बघितलं. रविवारी पाऊस आला आणि दाणे जमिनीत विरले.

मंगळवारी वेंडेल सुटला. गवत कापलेलं त्याला दिसलं, त्याने रीतीप्रमाणे काही विचारलं नाही. पण कापलेलं दिसतं, टाकलेलं दिसत नाही. बुधवारी सकाळी, आर्लो फाटकावर कामाला गेला असताना, त्याने काट्यावर वीस पौंड तोललं. उभं दहा, आडवं दहा. मी हातात वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर होतो. उठून पलीकडे जाऊन दोन शब्द बोलायला काय लागत होतं? पण मी म्हणालो, तो आर्लोचा आणि त्याचा मामला.

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेचा वारा सुटला, भट्टीतून आल्यासारखा. आठ दिवस पावसाचा थेंब नाही. वेंडेलचं गवत आधी शेंड्याला पिवळं पडलं, मग खालपर्यंत. दहाव्या दिवशी सगळी हिरवळ वाळक्या चटईसारखी झाली, आणि तिच्यावर उभ्या-आडव्या चौकटी उमटल्या. जिथे गाडी दोनदा फिरली होती तिथे करपल्यासारखं काळं.

वेंडेलने चाकू घेऊन सात ठिकाणी माती उकरली. अळी सापडली नाही. फीत घेऊन जागा पुन्हा मोजली. पाच हजार चारशे. काट्यावर पौंडाचं वजन ठेवून काटा तपासला. काटा खरा होता. पोत्यावरचा आकडा वाचला. सत्तावीस. गॅरेजच्या भिंतीवर त्याने ते गणित नऊ वेळा मांडलं आणि नऊ वेळा वीसच आलं. मग भिंतीवर ठोसा मारला. फळी फुटली, बोटांची कातडी सोलली. बर्निसने फडकं बांधलं.

"भिंत माणूस न्हाई," तो म्हणाला.

"म्हनूनच मी अजून हाय हितं," ती म्हणाली.

"गनित बरोबर हाय, बर्निस. माजं गनित बरोबर हाय. मग कुनीतरी टाकलंय कायतरी."

"कोन टाकतंय?"

त्याने खिडकीतून पलीकडे बघितलं. आर्लोची हिरवळ हिरवीगार होती.

"ज्येनं कोर्टात माजं नाव घेतलं त्यो," म्हणाला.

"आर्लो? त्यो मुंगीच्या अंगावर पाय देत न्हाई."

"मुंगीवर देत न्हाई. माज्यावर दिला."

बर्निसने त्याचं मनगट धरलं. तिच्या दोन हातात ते मावत नव्हतं. "रैवारपतुर थांब," ती म्हणाली. "चर्चातनं आल्यावर जा, आन माणसासारखं इचार. हात खिशात घालून."

तो थांबला. चार दिवस. त्या चार दिवसांत त्याने आपल्या दारातलं मेपलचं फांदाडं कुऱ्हाडीने तोडलं, गरज नसताना, आणि तोडलं ते बारीक करत बसला. रस्त्यावरून जाणारं एक कुत्रं हिरवळीवर आलं, त्याला त्याने लाथ घातली तर ते गटारापर्यंत लोळत गेलं. गल्लीतले सगळे आपापल्या ओसरीवरून बघत होते, आणि सगळ्यांना माहीत होतं की हे आर्लोच्या वाटेवर चाललंय.

रविवारी दुपारी बाराला वेंडेल घराबाहेर आला. पांढरा सदरा, हात खिशात. आर्लो कुंपणापाशी गवताची कड कापत होता. लांब दांड्याचं अर्ध्या चंद्राच्या पात्याचं खुरपं असतं त्याने. बर्निस ओसरीच्या पायरीवर उभी होती. मी पलीकडून बघत होतो.

"आर्ल्या."

"बोल."

"गवत बघितलंस माजं?"

"बघितलं. वाईट झालं." आर्लोचा चेहरा उतरलेला होता. त्यालाही दहा दिवस झोप नव्हती, हे नंतर कळलं. त्याला वाटत होतं की आपलं तोलायला चुकलं.

"गनित म्या नऊ येळा केलंय. बरोबर हाय."

"तुजं कवा चुकतंय."

"मग कसं जळालं?"

आर्लोने खुरपं जमिनीत रोवलं. आता रीत मोडावी लागणार हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो नीट उभा राहिला, कोर्टात राहिला होता तसा.

"म्या टाकलं व्हतं, वेंडेल," म्हणाला. "तू आत असताना. शनिवारी..."

पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही, कारण तोंडच राहिलं नाही. वेंडेलचा उजवा हात खिशातून निघालेला मला दिसला नाही, आवाज मात्र आला. वाळकं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा. आर्लोचा जबडा बाजूला गेला आणि तो कुंपणावर कोसळला. कुंपण दोघांच्या वजनाने आडवं झालं. वेंडेल त्याच्यावर बसला. डावा, उजवा, डावा. घाईही नव्हती, शिवीही नव्हती. बैल पाडताना जशी नजर असायची तशीच. आर्लो काहीतरी बोलायला बघत होता, पण जबडा लोंबत होता आणि शब्दांच्या जागी रक्ताचे बुडबुडे येत होते. त्याने दोन बोटं वर केली. मग मूठ मिटली, दोनावर शून्य म्हणावं तशी, आणि बोटं पुन्हा वर केली. वेंडेलने ती बोटं धरली आणि मागे मोडली.

"वेंडेल," बर्निस म्हणाली. एकदाच. ओरडली नाही.

आर्लो हडकुळा होता पण मेलेला नव्हता. त्याच्या हाताला खुरप्याचा दांडा लागला. त्याने आडवं फिरवलं, आणि अर्धा चंद्र वेंडेलच्या कपाळाच्या वर बसला. कातडी टोपीसारखी उघडली. वेंडेलचं सगळं तोंड लाल झालं, त्याला दिसेनासं झालं. त्याने चाचपून आर्लोचा गळा शोधला आणि दोन्ही अंगठे रोवले. मी रस्ता ओलांडून पळालो, त्याच्या पाठीवर पडलो. त्याने कोपराने माझा दात पाडला. अजून ती जागा रिकामी आहे.

तेवढ्यात आर्लोची बायको लोइस मागच्या दारातून आली. हातात रिकामं पोतं. तिने पोतं वेंडेलच्या डोक्यात घातलं नाही, त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. पोत्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं. साठ गुणिले एकशे बत्तीस. वजा, वजा, वजा. पाच हजार चारशे. खाली वीस, त्याखाली दोन रेघा.

"वाच," ती म्हणाली. "वाच, कसाया. तुजंच गनित हाय. तुज्या गवताचा खताचा दिस चुकाया नको म्हनून त्यानं वीस पौंड टाकलं. कोर्टातनं आल्यापास्नं जेवला न्हवता त्यो. उभं दहा, आडवं दहा. आन तू नऊ येळा गनित केलंस म्हंजी वरनं तू बी आनखी वीस घातलंस."

वेंडेलने बाहीने डोळे पुसले. वाचलं. पुन्हा पुसले, पुन्हा वाचलं. त्याचे ओठ हलत होते. वीस आणि वीस. हजार फुटाला दोन पौंड नत्र, वर दक्षिणेचा वारा. अंगठे सुटले. आर्लो कुशीवर वळला आणि आत ओढलेल्या श्वासाचा असा आवाज आला की मला वाटलं, हा शेवटचा. तो शेवटचा नव्हता.

वेंडेल तिथंच बसून राहिला, करपलेल्या गवतावर. मग माझ्याकडे वळला.

"तुमी समोरच ऱ्हाता," म्हणाला. "बघितलं व्हतं?"

"व्हय."

"म्या टाकताना बी?"

"तवा बी."

"मग बोलला का न्हाई?"

माझ्या तोंडात रक्त होतं, ते मी गिळलं. "आपल्यात बोलत न्हाईत," म्हणालो.

त्याने मान हलवली. ते त्याला पटलं, आणि मला तेच जास्त लागलं.

*

शेरीफचा माणूस गेलन यायला वीस मिनिटं लागली. दवाखान्याची गाडी आर्लोला घेऊन गेली होती. जबडा दोन जागी, तीन बरगड्या, दोन बोटं. ऑगस्टपर्यंत तो नळीने सूप पीत होता, आणि सरळ असा पुढं कधी बोललाच नाही. गेलनने वही काढली. लोइस सांगायला लागली तर वेंडेलने तिला थांबवलं.

"पैला हात माजा," म्हणाला. "लिव्ह."

"डॉक्टरकडनं टाके घालून घेऊ आधी."

"लिव्ह आधी."

गेलनने लिहिलं. बेड्या काढल्या. तेवढ्यात बर्निस घरातून बाहेर आली. डोक्यावर चर्चची टोपी, हातात बॅग. कुणी बॅग भरायला म्हणून जेवढा वेळ घेईल तेवढा तिने घेतला नव्हता. ती बॅग नेब्रास्काहून आल्यापासून उघडलीच नव्हती, हे लोइसने आम्हाला नंतर सांगितलं.

"गेलन," ती म्हणाली, "बस कितीची हाय ओमाहाची, नेब्रास्काकडची?"

"तीन-दहाची, बाई."

"मला सोडशील का थांब्यावर? तुज्या वाटंवरच हाय."

गेलनने वेंडेलकडे बघितलं. मग पुढचं दार उघडलं. "बसा," म्हणाला. ती पुढं बसली, बॅग मांडीवर. वेंडेल मागं, जाळीपलीकडे, कपाळावर लोइसच्या घरातलं ताट पुसायचं फडकं दाबून.

गाडीत काय झालं ते गेलनने मला सांगितलं, बऱ्याच महिन्यांनी.  गिरणी गेल्यावर वेंडेल म्हणाला, "पाणी सोडाया सांग कुनाला तरी. भरपूर. तीन दिस रोज, बोटबोटभर मुरंल इतकं. खत खाली धुऊन जाईल. मुळं जित्ती असतील अजून."

बर्निस पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती.

"कुनाला सांगू?" ती म्हणाली.

 थांबा आला. गेलन उतरून बॅग घ्यायला फिरून आला, पण ती बॅग घेऊन आधीच उतरली होती आणि तिकिटाच्या खिडकीकडे चालायला लागली होती.